प्रमाणाचा रकाना

शुक्रवारी सकाळी फोन म्हणाला, जागा संपली.
म्हणून बसलो.
रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गळतीखाली ठेवलेल्या
बादलीशेजारी, मांडीवर कंपनीने टाकून दिलेला लॅपटॉप.
नोकरी गोदामातली: आलं किती, गेलं किती, उरलं किती.
तोच तक्ता उघडला, नट-बोल्ट पुसले,
वर लिहिलं:
पदार्थ. कुणाचा. प्रमाण. इथे काय मिळतं.

चौदा वर्षांचं जेवण फोनमध्ये कसंही पडलेलं.
हळद सांडलेल्या वहीचे फोटो,
ज्यांत अंगठाच काय तो नीट दिसतो.
परकारचाचांचा साडेचार मिनिटांचा आवाज,
त्यात पावणेचार मिनिटं नुसती फोडणी
आणि मग, "हां, आता बघ."
बायकोचा निरोप, खेडहून, रात्री अकराचा:
चिंच लिंबाएवढी.
लिंबू कुठलं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.
इथलं काळं वाळलेलं सुपारीहून जरासं मोठं,
सुपरमार्केटातलं पोराच्या मुठीएवढं.

चौथा रकाना पटापट भरला.
सुरमई: इथे कनद म्हणायचं.
ओलं खोबरं: श्रीलंकेचं, गोठलेलं, रात्रीच बाहेर काढणे.
आमसुलं: येणाऱ्याच्या बॅगेतून, पुरली तर जूनपर्यंत.
तिरफळं: नाहीत.
पुढे काही लिहिलं नाही.

दुसऱ्याला वेळ लागला.
बाबी शिगवण. मुकादम. परकारचाचा.
कासरगोडचा शमीर, आठच महिने राहिलेला.
गोदामाची सवय, नावापुढे शेरा आपोआप पडत गेला:
व्हिसा रद्द. सलालाला बदली. व्हिसा रद्द.
चाचांपुढे कर्सर लुकलुकत राहिला.
तसल्या जाण्याला आमच्या तक्त्यात शब्द नाही.

मग मशीनने विचारलं:
कुळथाची पिठी, शिगवण. कुळथाची पिठी, मुकादम.
एक्याण्णव टक्के सारखी. एक पुसू?

अरे, हे दोघे कुकरच्या एका शिट्टीवरून
सव्वा महिना बोलत नव्हते.
एक वाशिष्ठीच्या अलीकडचा, एक पलीकडचा.
एकाच शेगडीवर शेजारी शेजारी दोन पातेली,
कुळीथही एकाच पिशवीतले,
आणि मी मधे, दोघांकडूनही वाटी घेणारा.
शिगवण लसूण सालासकट ठेचायचा.
मुकादम मला सांगायचा, त्याला ऐकू जाईल असं,
"साल खाणाऱ्याला काय कळणार चव?"
उरलेले नऊ टक्के ते एवढेच.
ठेव, म्हटलं. दोन्ही ठेव.

प्रमाणाचा रकाना मात्र लाल.
त्याला आकडा लागतो, मीच कधीतरी तसं ठरवून दिलेलं,
नट-बोल्टांसाठी.
अंदाजे: लाल.
चवीपुरतं: लाल.
वास सुटेस्तोवर: लाल.
हाताला कळेल: हे तर दोनदा लाल.
अख्ख्या तक्त्यात एकच ओळ सरळ उतरली, शमीरची,
अंडी सहा.
तेव्हा आम्ही सहा जण होतो.

बंद करताना दिसलं, माझ्या नावावर काहीच नाही.
चौदा वर्षं कांदे चिरले, भांडी घासली,
आणि हो, भात लावला.
भात कुणी कुणाला पाठवत नाही.
तरी लिहिला.
पाणी: तांदळावर बोट टेकवून पहिल्या पेरापर्यंत.
लाल.

आत नवा मुलगा, माणगावचा, येऊन आठवडा झालेला,
नळाखाली पातेलं धरून उभा.
"दादा, पाणी किती?"
मी दारातूनच बोट दाखवलं.
त्याने माझं बोट पाहिलं,
मग स्वतःचं पाहिलं, मग बुडवलं.

त्याचं पेर जरा लांब आहे.
आज भात मऊ होणार.